जीपच्या पिंजऱ्यावरचं फूल

घरात लोखंडाचं काही काम निघालं की माझ्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडतं, "आपला माणूस आहे ना!" हा आपला माणूस म्हणजे जवळच्या मोरवा गावचा ग्रिलवाला. खिडक्यांच्या जाळ्या, सेफ्टी डोअर, जिन्याचे कठडे हा त्याचा धंदा. मीरा रोडच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनीची ग्रिल त्यानेच केलेली. तिच्यावर बायकोच्या सोळा कुंड्या आहेत, एक बंद पडलेला कूलर आहे, आणि इतक्या वर्षांत ती तसूभर हललेली नाही. त्या एका ग्रिलच्या जोरावर मी त्याला लोखंडातलं सर्वोच्च न्यायालय करून टाकलं होतं.

मुलगी नोकरीला लागली तेव्हा आम्ही बापलेकीने मिळून एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली. वर पत्र्याचं पक्कं छप्पर, मागे एक अरुंद दार. मुलगी एका ग्रुपमध्ये जाते. ही मंडळी सुट्टीच्या दिवशी चांगले रस्ते सोडून चिखलात, दगडांत आणि उभ्या चढावर गाड्या घालतात. मला नया नगरच्या गल्लीत रिव्हर्स घेताना घाम फुटतो, त्यामुळे हिचं हे वेड कुठून आलं कोण जाणे. वर्षभर ती दुसऱ्यांच्या शेजारी बसून जात होती. येत्या रविवारी पहिल्यांदा आपली जीप स्वतः चढावर घेणार होती.

पण ग्रुपचा नियम होता : गाडीत रोल केज पाहिजे. म्हणजे गाडी उलटली तर आतली माणसं चेपू नयेत म्हणून बसवतात तो पोलादी पाइपांचा सांगाडा. आमच्या घरात त्याला पहिल्या दिवसापासून पिंजरा म्हणतात. बायकोने तर स्वतःचा वेगळा नियम काढला. "पिंजरा नाही, तर चावी नाही," म्हणाली आणि चावी तूरडाळीच्या डब्यात टाकली.

वसईला हेच काम करणारा एक कारागीर होता. तो म्हणाला, तीन आठवडे थांबा. मुलीचा चेहरा उतरला. आणि मी, बाप असल्याच्या झोकात, म्हणालो, "आपला माणूस आहे ना!"

मुलीने मला मोबाइलवर पिंजऱ्याचा नकाशा पाठवला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं : पाइप वाकवायचा, कापून जोडायचा नाही. मी तो जसाच्या तसा मोरव्याला दाखवला. ग्रिलवाल्याने दोन बोटांनी तो मोठा केला, लहान केला आणि म्हणाला, "भाऊ, ही तं खिडकीच हाय. फक्त चारी बाजूंनी."

"पण वाकवायचाय म्हणे. कापायचा नाही."

"कापून जोडला तं जोड पाइपापेक्षा मजबूत. वेल्डिंग हाय आपली, थुंकी न्हाय."

मी हसलो. त्या हसण्यात लाल अक्षरं विरघळून गेली.

त्याने टेप लावून जीपची मापं घेतली आणि पिंजरा दुकानात तयार केला. ग्रिलची हीच रीत असते. घरी येऊन माप घ्यायचं, दुकानात वेल्डिंग करायचं, टेम्पोतून आणून ठोकायचं. गुरुवारी टेम्पो आमच्या सोसायटीत आला. पिंजरा देखणा होता. माप मिलिमीटरला मिलिमीटर होतं. फक्त एवढंच, की जीपला भिंतीतल्या भोकासारखं भोक नसतं. तो अख्खा पिंजरा आत जाणार कुठून?

मागच्या दारातून घालून पाहिला. पुढच्या दारातून घालून पाहिला. उभा, आडवा, तिरका. सोसायटीत फुकटच्या सल्ल्यांना कधी टंचाई नसते. पहिल्या मजल्यावरून कोणी ओरडलं, "अंकल, टेढा करो, टेढा!" खालून दुसरा म्हणाला, "छप्पर कापा ना!" बायको बाल्कनीतून, तिच्या त्या भक्कम ग्रिलवर कोपर टेकून, बघत होती.

शेवटी पिंजऱ्याचे दोन तुकडे केले आणि आत घालून पुन्हा जोडले. त्या भानगडीत एका सीटला ठिणगीने भोक पडलं आणि माझी शुक्रवारची रजा गेली.

शुक्रवारीच मी आत वाकून कोपरे पाहिले. पाइप वाकवलेला नव्हता. खिडकीच्या चौकटीसारखा कोपऱ्यावर खाच मारून, मोडून, वरून वेल्डिंगची जाड रेघ ओढलेली. एक नाही, सगळे कोपरे तसेच.

"हे असं दिसणार?" मी विचारलं.

"पुट्टी मारू, वर चंदेरी रंग मारू. आरशासारखं दिसंल."

आता तरी मी थांबायला हवं होतं. पण रविवार परवावर आला होता, माझी अब्रू पणाला लागली होती, आणि कोपऱ्याकडे न बघता मी म्हणालो, "मारा." हा शब्द माझा. ग्रिलवाल्याचा नाही.

संध्याकाळी रंग वाळला तेव्हा मागच्या आडव्या दांड्यावर एक गोष्ट नवी दिसली. ओतीव लोखंडाचं फूल, आणि दोन्ही बाजूंना भाल्याच्या टोकांसारखी दोन पानं. सेफ्टी डोअरवर असतात तशी.

"हे काय?"

"साधं दिसत व्हतं, भाऊ. ताईची पहिली गाडी हाय. फूल माझ्याकडून."

बायको खाली आली, आत बसली, दांड्यावर दोन गुद्दे मारून पाहिले. "फूल कशाला?"

"मजबुतीला," मी म्हणालो. खोटं बोलायला एकदा सुरुवात झाली की तोंडाला वळण लागतं.

मग ऑफिसातून मुलगी आली. चंदेरी पिंजरा बघून तिने दांड्याला मिठीच मारली. "बाबा, वाकवलाच ना रे?"

"हो मग!"

डाळीच्या डब्यातून चावी बाहेर आली.

रविवारी सकाळी वसईच्या पुढच्या माळावर गाड्या रांगेत उभ्या होत्या. तपासणीला माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, डोक्यावर टोपी, कमरेला पाने-पकडींचा पट्टा. त्यांनी हेडलाइट पाहिले नाहीत की टायर पाहिले नाहीत. सरळ आत शिरल्या आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. थांबल्या. पुन्हा फिरवला. मग खिशातली किल्ली काढून तिथे खरवडलं. माझी आरशासारखी पुट्टी खपलीसारखी सुटून सीटवर पडली.

"कापून जोडलाय," त्या मुलीला म्हणाल्या. "गाडी उलटली की पहिलं इथे उघडेल. खाली नुसत्या पत्र्यावर बसवलाय, गाडीच्या मूळ सांगाड्याला, चॅसीला धरलेलाच नाही. पत्रा फाडून निघेल. आणि ही टोकं कोणाच्या पाठीत जायचीत?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"अगं, तो ग्रिलवाला..." मी सुरुवात केली.

"ग्रिलवाल्याचं राहू दे. तुला माहीत होतं?"

त्या माळावर वारा होता, इंजिनं गुरगुरत होती, कोणाचं तरी गाणं लागलं होतं. यातल्या कशातही लपता येत नव्हतं. "हो," मी म्हणालो.

तिने जीप बाजूला लावली, बाईंकडून एक झेंडा मागून घेतला आणि दिवसभर चढाच्या वर उभी राहून दुसऱ्यांच्या गाड्यांना दाखवत राहिली. दुपारी एक गाडी चढावरून मागे घसरली आणि कुशीवर आडवी झाली. आतली दोन पोरं हसत, धूळ झटकत बाहेर आली. मी त्या गाडीच्या आतल्या कोपऱ्यांकडे बघत राहिलो. हातातला वडापाव तसाच राहिला.

परत येताना मी न सांगताच मागे बसलो. घोडबंदरच्या प्रत्येक खड्ड्याला वरचा दांडा डोक्याला आणि फुलाचं पान पाठीला. उजवीकडे सरकलं की फूल, डावीकडे सरकलं की पान. कुठेही तक्रार करायची सोय नव्हती.

घरी बायकोने विचारलं, "कशी चढली गाडी?"

"चढली नाही," मुलगी म्हणाली. "पिंजरा काढायचाय."

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं, मुलीच्या हातातून चावी घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. डाळीच्या डब्याचं झाकण वाजलं.

दुसऱ्या दिवशी ग्रिलवाला चिडला. "जोड तुटला तं मिशी कापीन, भाऊ!"

"जोड तुटतो का बघायला पोरीला आत बसवू?"

त्याने कटर हातात घेतला, खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग त्या टायमाला बोललात का न्हाय? 'मारा' बोललात."

मी जीपचं मागचं दार उघडून दिलं. त्याने स्वतःच पिंजरा कापून काढला. फूल मात्र वेगळं कापलं, कागदात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. ते अजून माझ्याकडेच आहे. टाकवत नाही आणि लावायला जागा नाही.

वसईवाल्या कारागिराकडे नंबर लागायला सांगितल्याप्रमाणे तीनच आठवडे लागले. म्हणजे माझ्या सगळ्या खटाटोपाने एक दिवसही वाचला नव्हता, उलट मधले दिवस फुकट गेले होते. या वेळी नकाशा मला आला नाही, मुलीने परस्पर त्याला पाठवला. मला फक्त सोबत चल म्हणाली. तो पाइप यंत्रात घालून हळूहळू वाकवत होता, गाडीतच माप लावून एकेक तुकडा बसवत होता, खाली चॅसीला जाड पट्ट्या धरत होता. रंग अजून दिला नव्हता. मुलीने कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, दोनदा. मग मागे वळली.

"बाबा, तूही बघ."

मी आत वाकलो. दांडा डोक्याला लागलाच. अंगठा लावला आणि पाइपाच्या वळणावरून खालपर्यंत नेला.

"काही जाणवत नाही," मी म्हणालो.

"परत बघ."

मी परत फिरवला. मग पुढचा कोपरा, मग त्याच्या पुढचा. ती शेजारी उभी राहून मोजत होती, आणि एकही कोपरा तिने मला सोडू दिला नाही.