डोंगरमाथ्यावरचा बुरूज

कॉम्प्युटरवरच्या त्या जुन्या लढाईच्या खेळात एक डोंगराळ नकाशा आहे. धान्य, लाकूड सगळं खाली दरीत, माथ्यावर नुसता खडक. तरी दादा दर वेळी पहिला बुरूज वरच बांधायचा. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करत वाढलेला माणूस तो! मी ओरडायचो, "अरे, वर उपाशी मरू." तो म्हणायचा, "गड कधी खाली असतो का रे?" मग आम्ही दोघं हसत हसत हरायचो.

दादा गेल्यापासून मी एकटाच खेळतो. वस्ती दरीत करतो आणि जिंकतो. पण या खेळात जिथं आपलं माणूस नसतं, तो भाग काळवंडतो. माथा दिसतो, पण विझल्यासारखा. घराचंही तसंच झालंय. माझ्या शेजारची त्याची खुर्ची जागेवरच आहे, आणि तिच्याकडे बघवत नाही.

आज सगळा दगड वर नेला आणि माथ्यावर बुरूज बांधला. माथा उजळला. खाली शत्रूनं वस्ती पेटवली.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"भाऊजी, हरताय की."

"हरू दे, वहिनी."

त्यांना बुरूज दिसला असावा. त्यांनी कप खाली ठेवला, दादाची खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यात बसल्या.