शांतता राखा, इथे घरटं आहे

“बोर्ड कशाला, सर? वाटच बंद करू ना,” मी तिसऱ्यांदा म्हणाले.

सरांच्या हातात नवाकोरा बोर्ड होता. ‘शांतता राखा, इथे स्वर्गीय नर्तकाचं घरटं आहे.’ खाली बाणही काढला होता.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक निसर्ग उद्यान आहे, तिथे मी मार्गदर्शक आहे. तिकीट काढून आलेल्यांना पक्षी-फुलपाखरं दाखवायची, बिबट्या कधी दिसेल या प्रश्नावर हसायचं, हे माझं काम. सर म्हणजे आमचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण त्यांना ऊठसूट ‘अवेअरनेस’ करायचा असतो.

स्वर्गीय नर्तक हा बुलबुलाएवढा पक्षी. नर पांढराशुभ्र, शेपटी हातभर लांब. अंडी तोही उबवतो, तेव्हा शेपटी घरट्याबाहेर रिबिनीसारखी लोंबत असते. घरटं वाटीएवढं, कुड्याच्या बारीक फांदीवर, हात पोचेल इतकं खाली. त्याला राखण फक्त आजूबाजूच्या पानांची. ऊन तीच अडवतात आणि कावळ्याची नजरही. आमच्याकडे हे घरटं पहिल्यांदाच झालं होतं. आमचे गार्ड परब यांना ते दिसलं आणि त्यांनी रीतसर सरांना कळवलं.

“वाट बंद केली की पब्लिक भांडतं,” सर म्हणाले. “लोकांवर जरा विश्वास ठेव गं. नीट सांगितलं की ऐकतात.”

बोर्ड लागला. कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, बाणासकट. पिल्लं अंड्यांतून बाहेर आली त्याच आठवड्यात रविवारी गेटवर कॅमेरेवाल्यांची रांग लागली. मी शाळेच्या मुलांना घेऊन दुसऱ्या टोकाला होते. परबांना मी घरट्यापाशी थांबायला सांगितलं होतं, पण तळ्यावर काही जण गळ टाकून बसले होते. मासेमारीला बंदी आहे, म्हणून सरांनी परबांना तिकडे पिटाळलं.

दुपारी येऊन बघते तर ट्रायपॉड लावून दोघे उभे. एकाच्या हातात बागकामाची कैची. घरट्याभोवती एक पान शिल्लक नव्हतं.

“पानं कुणी कापली?”

“अहो मॅडम, थोडीशीच. क्लीन फ्रेम नको का?” क्लीन फ्रेम म्हणजे फोटोत पक्ष्याच्या आड काहीही येता कामा नये. “पण आवाज अजिबात केला नाही हं. बोर्ड वाचला ना आम्ही.”

त्यांना हाकललं. कापलेल्या डहाळ्या घरट्यावर बांधायला गेले, तर आईबाप जवळ येईनात. शेवटी मीच लांब झाले. वर मे महिन्याचं ऊन.

संध्याकाळी परब आले. ते वेंगुर्ल्याकडचे. “गेली गो बाय. कावळ्यान दोनय पिल्लां न्हेली. बापूस अजून चोचीत किडो घेवन फिरता.”

मी तिथेच बसून रडले. दुःखापेक्षा संतापानेच जास्त.

सरांना सांगितलं तर ते हळहळले. मग म्हणाले, “निसर्गाचा नियम आहे गं. आपण काय करणार?”

“कैची निसर्गाने आणली होती का, सर?”

त्यांना नेमका तेव्हाच फोन आला.

पुढे त्या दोघांतल्या एका फोटोग्राफरने फ्रेम करून फोटो भेट दिला. सरांनी तो ऑफिसात लावला. उघडी फांदी, दोन पिल्लं, चोची वासलेल्या. खाली नाव दिलंय, ‘भूक’.

“झकास आलाय ना?” सरांनी विचारलं.

“भुकेने नाही सर, उन्हाने चोची उघडल्यात. धापा टाकतायत ती.”

“हो का? पण नाव छान आहे.”

यंदा उद्यानात आणखी एक घरटं झालंय. कुणाचं आणि कुठे, ते मी परबांनाही सांगितलेलं नाही. वाटेवर मात्र स्वतः पाटी ठोकली, ‘ड्रेनेजचं काम चालू आहे.’ अजून एकही निसर्गप्रेमी तिकडे फिरकलेला नाही.