इंदूचा भयानक रस

"मला भीती वाटते हं," असं आधी सांगून मगच इंदू कुठलंही काम करायची. बोईसर स्टेशनात गाडी धडधडत आली की डब्यात पाय ठेवण्यापूर्वी म्हणायची. कॉलेजात सरांना शंका विचारायची असली की उभी राहून भर वर्गात म्हणायची. वसतिगृहाच्या न्हाणीघरात एकदा दाराच्या कडीवरच पाल बसली होती. आम्ही सगळ्या स्वतःला धीट समजणाऱ्या मुली बाहेर कपडे कवटाळून उभ्या होतो. इंदू म्हणाली, "मला भीती वाटते हं," आणि टॉवेलाने कडी झटकून आत गेली. तिचं ते वाक्य ऐकून नवख्या माणसाला वाटे, ही आता माघारी फिरणार. ती कधी फिरली नाही.

इंदुमती चुरी तारापूरजवळची. घरची वाडी, चिकू आणि नारळ. मी पालघरची, शाळामास्तरांची मुलगी. साठच्या दशकात आमच्या भागातल्या मुलींनी बडोद्याला जाऊन नाच आणि नाटक शिकायचं हे ऐकून लोक आधी हसत आणि मग आवाज खाली आणून आमच्या आयांना काहीतरी विचारत. इंदूचे वडील, भाऊ, गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते, "नाचाचीही परीक्षा असते? नापास झाली तर काय, पाय काढून घेतात?" पण पदवी मिळाली की मुलगी मास्तरीण होईल, या आशेवर त्यांनी तिला पाठवलं.

नाचायची ती सुरेख. मात्र विंगेत उभी असताना तिचे हात बर्फासारखे गार पडायचे आणि ते चोळून गरम करणं हे माझं काम. एकदा मी विचारलं, "आत गेल्यावर तरी जाते का गं भीती?"

"छे. ती माझ्या आधी आत जाते," इंदू म्हणाली. "मी तिला सांभाळत सांभाळत नाचते."

शेवटच्या वर्षी प्रत्येकीला एक छोटा प्रबंध लिहायचा होता. त्यावर आधारलेलं सादरीकरण करायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा द्यायची. कुणी शृंगार घेतला, कुणी वीर. मी आमच्याकडच्या जत्रेतल्या सोंगांवर लिहायचं ठरवलं. इंदू उभी राहिली, तिचं नेहमीचं वाक्य म्हणाली आणि मग म्हणाली, "सर, मी भयानक रस घेते. मला तेवढंच नीट येतं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "भयाची लक्षणं शास्त्रात दिलेली आहेत. अंगाला कंप, तोंडाला कोरड, डोळे विस्फारणं. ती पाठ करून लिहू नकोस. खऱ्या माणसांत आहेत का ते बघून ये."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत इंदू मला घेऊन तिच्या घराजवळच्या दांडी या मच्छीमार गावी गेली. तिथली जानकीमावशी चुरींच्या घरी सुके बोंबील घेऊन यायची, त्यामुळे ओळख होती. मावशीचा नवरा धर्मा आणि मुलगा गोविंद एकाच होडीवर जायचे. गोविंदाची बायको हिरा आमच्याच वयाची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ओट्यावर बसून इंदूने विचारलं, "मावशी, होडी यायला उशीर झाला की तुला भीती वाटते. तेव्हा नेमकं काय होतं?"

मावशी बोंबील उलटे करत म्हणाली, "काय व्हनार? भाकऱ्या करते. आले तं खातील."

"हात कापतात का?"

"कापले तं भाकरी कशी थापनार, बाय?"

हिरा पदराआड हसली. परत येताना इंदू खट्टू होती. "शालू, मी मूर्खासारखे प्रश्न विचारले ना? जणू डॉक्टर. जीभ दाखवा म्हणतेय."

दोन-तीन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. सकाळ अगदी स्वच्छ होती. आम्ही पोचलो तेव्हा होड्या केव्हाच गेल्या होत्या. ऊन वर आलं आणि वारा एकाएकी थांबला. मला ते बरं वाटलं, पण ओट्यावरची एक म्हातारी उठून उभी राहिली आणि समुद्राकडे बघू लागली. दिवाळीनंतर असं वादळ सहसा येत नाही. त्या दिवशी आलं. बघता बघता पाणी काळपट हिरवं झालं, वाळू उडून गालांना टोचायला लागली, वाळत घातलेली मासळी काठ्यांसकट आडवी झाली. मी मनातून घाबरले. समुद्राकाठी वाढलेली नसल्यामुळे मला वाटलं, हा असाच वाढत वाढत आमच्यावर येणार.

गावातल्या बायका किनाऱ्यावर जमल्या. रडणं नाही, ओरडणं नाही. एक जण पोराला विनाकारण धपाटे घालत होती. एक जण अंबाडा सोडून पुन्हा बांधत होती, पुन्हा सोडत होती. एक होडी आली. बायकांतली एक धावत पाण्यात गेली आणि बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत. मग दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येक वेळी घोळका थोडा कमी व्हायचा आणि उरलेल्या एकमेकींच्या आणखी जवळ सरकायच्या. इंदू थोडी दूर उभी राहून हे सगळं पाहत होती, हातात पेन्सिल होती आणि ओठ आवळलेले.

दुपार कलली तेव्हा जानकीमावशी आणि हिरा दोघीच वाट बघणाऱ्या उरल्या. हिरा एकदम वळली. इंदूला म्हणाली, "तुमी माझ्याकडं काय बगता?"

आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो मला सहन झाला नाही. इंदूने पेन्सिल वाळूत टाकली, जाऊन हिराशेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला. हिराने तो काढून घेतला नाही. बराच वेळ दोघी तशाच बसून होत्या. मी मागे उभी राहून वारा कमी होतोय का, एवढंच ऐकत होते.

दिवस मावळता मावळता शेजारच्या नवापूरच्या बाजूने किनाऱ्याने काही माणसं चालत येताना दिसली. होडी नवापूरच्या खडकांवर फुटली होती. जवळ आली तेव्हा कळलं, तिथल्या लोकांनी गोविंदाला धरून चालवत आणलं होतं. धर्मा त्यांच्यात नव्हता. तो नंतरही मिळाला नाही.

त्या संध्याकाळी इंदूने काय पाहिलं ते मला बडोद्याला तिचा प्रबंध वाचताना समजलं. गोविंदाची चाल हिराने लांबूनच ओळखली होती. तिच्या तोंडावर हसू फुटलं. त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की सासरा दिसत नाही, आणि शेजारी सासू बसली आहे. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. इंदूच्या हातातला तिचा हात तेव्हा थरथरू लागला. दिवसभर समुद्राकडे बघताना तो हात कापला नव्हता. तो कापला स्वतःचा आनंद कुणाला दिसेल या भीतीने. इंदूने ते एका पानात लिहिलं होतं, साध्या शब्दांत. मी ते दोनदा वाचलं.

सर तर खुर्चीवरून उठले. म्हणाले, "हे शास्त्रात नाही. हाच तुझा प्रबंध. हेच सादर कर. तुझी शिष्यवृत्ती नक्की समज." पुढच्या शिक्षणाला दिल्लीला जायचं तर ती शिष्यवृत्ती हवीच होती. भाऊ आणखी पाठवणार नव्हते.

त्या आठवड्यात इंदू नीट झोपली नाही, जेवली नाही. मग एका शनिवारी म्हणाली, "मला हिराला विचारायला हवं. चल माझ्याबरोबर, मला फार भीती वाटते." इतक्या वर्षांत भीती वाटते म्हणून तिने सोबत मागितली ती तेवढ्याच वेळी.

दांडीला हिरा विहिरीवर भेटली. पोट दिसू लागलं होतं. इंदूने ते पान तिला वाचून दाखवलं. हिराने कळशी खाली ठेवली, आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं आणि म्हणाली, "हे छापनार हाय?"

"नाही. पण परीक्षेत वाचतील. मी नाचून दाखवेन."

"सासूला कळंल."

"बडोद्यातलं इथे कसं कळेल?"

"गाडी येते ना बडोद्यावरना?" हिराचे डोळे भरले. "ती माझ्याच हातचं जेवते, बाय. तिला कळलं तं मी तिला तोंड कसं दाखवू? काढा ते."

इंदूने तिथेच ते पान फाडलं. येताना मी तिला खूप समजावलं. नाव बदल, गाव बदल, गुजरातेतलं एखादं बंदर घाल. ती म्हणाली, "नाव बदललं म्हणून ते माझं होत नाही गं."

सर एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "प्रबंधाचा जीवच काढून टाकलास!" असं म्हणून त्यांनी उरलेली पानं टेबलावर आपटली. इंदूने ती गोळा केली, पण फाडलेलं पान पुन्हा लिहिलं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "दांडीला जाऊन तुम्ही वेगळं काय पाहिलंत?"

"पाहिलं सर. पण ते इथे आणलेलं नाही."

"का?"

"ज्यांचं होतं, त्यांनी नको म्हटलं."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला. सादरीकरणात तिने विंगेतल्या स्वतःलाच रंगवलं, गार पडलेले हात आणि कोरडा घसा यांसकट. ते चांगलं होतं, त्याहून अधिक काही नव्हतं. इंदू पास झाली. शिष्यवृत्ती दुसरीला मिळाली.

मग ती पालघरच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली. स्नेहसंमेलनात नाच बसवायची. एखादी मुलगी आयत्या वेळी रडायला लागली की तिला रागवत नसे, दोन्ही हात चोळून द्यायची. तिकडे तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, बोईसरच्या रस्त्याला ट्रक वाढले होते, हॉटेलांत हिंदी ऐकू येऊ लागलं होतं. इंदूच्या बोलण्यात दिल्लीचं नाव पुन्हा आलं नाही. मी एकदा काढलं, तेव्हा म्हणाली, "दिल्लीला थंडी फार असते म्हणे," आणि वह्या तपासू लागली.

इंदू आता नाही. हे सगळं आज लिहिते आहे, ते हिराने मुभा दिली म्हणून. साठचं दशक सरत आलेलं असताना एकदा पालघरच्या बाजारात ती आम्हाला भेटली. पुढ्यात सुकटीची टोपली, शेजारी खेळणारी मुलगी. जानकीमावशी त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेल्याचं तिने सांगितलं. मग इंदूला जवळ बसवून घेऊन म्हणाली, "बाय, ते मी सासूला सांगितलं."

इंदू दचकली. "काय सांगितलंस?"

"आजारी व्हती. पाय चेपत व्हते. मनात राहवंना. म्हटलं, आई, त्या दिशी ह्यांना बघून मला हसू आलं व्हतं. सासऱ्याचा पत्ता नाय आन् मला हसू." हिराने डोळ्यांना पदर लावला. "तं ती काय म्हणाली ठावं हाय? म्हणाली, तो माझा पोरगा नाय काय? मला बी तसंच झालं व्हतं. तुला दिसंल म्हणून भीव वाटला, म्हणून मी तोंड फिरवून बसली." मग ती म्हणाली, "आता कुनाला सांगितलं तरी चालंल."

मला वाटलं, इंदू आता ते पान पुन्हा लिहील. आम्ही बाजारातून बाहेर पडलो. स्टेशनाकडे वळताना ती थांबली. माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "शालू, दिवसभर मी तिथे होते. आणि जानकीमावशीकडे एकदाही वळून बघितलं नाही."