जानीबायशी भांडायचं होतं

मला पाहिलं की जानीबाय थुंकायची. तोंडात तंबाखू नाही, पान नाही. मी आले म्हणून मुद्दाम उठून अंगणाच्या कडेला जायची, थुंकायची आणि मग हात पुढे करायची. "घे, बांध तुझा पट्टा." बीपीचा पट्टा फुगत असेपर्यंत समोरच्या ताडाकडे बघत बसायची. माझं तोंडसुद्धा तिला नको असायचं.

मी तेव्हा तलासरीकडे उपकेंद्रावर नर्स होते. मूळची सातारची, तोंडाने फटकळ. ती माझ्यावर वरताण. नवरा कधीच गेलेला. मुलगा आणि सून पाऊस सरला की वीटभट्टीवर जायचे, आणि ही पाड्यात एकटी. शेजारणीची कोंबडी अंगणात शिरली तर कोंबडीला सोडून शेजारणीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मला ती आवडत नव्हती. मेली म्हणून आता आवडायला लागली, असंही नाही.

तिचं प्रेशर कायम चढलेलं. गोळ्या द्याव्यात, तर पुढच्या खेपेला पाकिटं जवळजवळ तशीच. मी भडकायचे. "लकवा मारला की तोंड वाकडं होईल, मग शिव्या कशा देशील?"

"तुला बघून आताच व्हायला लागलंय वाकडं," ती म्हणायची.

त्याच सुमारास वरून आदेश आला. बीपीच्या प्रत्येक पेशंटला विचारायचं, घरातलं धान्य संपेल अशी काळजी वाटते का, आणि संपल्यावर आणता आलं नाही असं कधी झालं का. मी घरोघर विचारत फिरले. जिथे जावं तिथे हसून एकच उत्तर. "हाय ना बाय, मस हाय. बस, चहा टाकते." सगळा पाडा खाऊनपिऊन सुखी निघाला. चुलीकडे बघून मला खरं वाटेना, पण भरल्या घरात उगाच भूक कशी लिहिणार?

जानीबायला विचारलं तर ती उसळलीच. "तुझ्या बापानं आणून टाकलंय धान्य?"

"बापावर जाऊ नकोस. आणि गोळ्या का खात नाहीस ते सांग. फुकटचं औषध नासवतेस."

"तूच सांगितलंस ना, जेवल्यावर घ्यायची? जेवते तेव्हा घेते. तुझी गोळी माझ्यापेक्षा लाडाची. तिला आधी भात लागतो."

इतके महिने मी जिला आळशी, हट्टी, बेपर्वा म्हणत होते, ती माझं सांगणं अक्षरशः पाळत होती.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ही गोळी रिकाम्या पोटीही चालते. मी लगोलग जाऊन तिला सांगितलं.

"म्हणजे उपाशी राहिले तरी चालल," ती म्हणाली. "चांगली सोय केलीस, बाय."

हे मला झोंबलं. तिला ओढतच रेशनच्या दुकानात नेलं. जन्मभर चिखलात आणि दगडमातीत काम करून तिच्या अंगठ्याच्या रेषा गेलेल्या. मशीन अंगठा घेईना, दुकानदार परत पाठवायचा. आणि एवढी तोंडाळ बाई तिथून मुकाट्याने यायची, कारण रांगेत पाड्यातली माणसं उभी असायची. मी दुकानदाराशी भांडले, मग तहसील कचेरीत जाऊन भांडले, आणि अंगठ्याशिवाय तिला धान्य मिळेल एवढं करून घेतलं.

परतताना डोक्यावर तांदूळ आणि तोंडात शिव्या. "केवढ्यानं वरडतेस! सगळ्यांना कळलं माझ्या घरात नाय ते."

"मग मला का सांगितलंस? बाकी कुणी सांगत नाही."

"पाहुणीला कोण सांगल घरात नाय म्हणून? पाहुणी आली की हाय म्हणायचं, चहा द्यायचा. तू काय पाहुणी हायस? तू भांडखोर."

तिने मला कधीच चहा विचारला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. घरात भात शिजू लागला, गोळ्या रोज जाऊ लागल्या, प्रेशर उतरलं. थुंकणं मात्र चालूच राहिलं.

पुढे माझी बदली डहाणूच्या बाजूला, मसोलीला झाली. "बरं झालं, कान थंड होतील," एवढाच निरोप मिळाला. माझ्या जागी आलेली मुलगी फार गुणी. आजी-आजी करायची, निघताना पायाही पडायची.

जानीबाय लकव्याच्या झटक्याने गेली. त्या कोंबडीवाल्या शेजारणीला ती चुलीजवळ पडलेली दिसली. नवी नर्स एका मीटिंगला आली तेव्हा मला बाजूला घेऊन रडायला लागली. दुकानदार बदलला होता, नव्या दुकानदाराने पुन्हा अंगठा मागायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी गोळीही बदलली होती, ती जेवल्यावरच घ्यायची. पाकिटं तशीच सापडली. मडक्यात तांदळाचा दाणा नव्हता.

"मी दर खेपेला विचारत होते हो ताई. हसून म्हणायच्या, मस हाय, बस, चहा टाकते."

मला त्या पोरीचा राग आला. जानीबायचा तर त्याहून जास्त आला.

"तू कशी बोलायचीस तिच्याशी?"

"गोडच बोलायचे. कधी आवाज चढवला नाही."

"तिथंच घात झाला," मी म्हणाले. "अगं, त्या मेलीशी भांडायचं होतं."