शनिवारचं हरीण

माझा मोठा भाऊ देवभोळा म्हणून गावात नावाजलेला. हरणं हरभरा फस्त करायला लागली, तेव्हा त्याने मोबाइलवर क्रॉसबो शोधला. चाप ओढला की बाण सोडणारं ते धनुष्य बंदुकीसारखं वाजत नाही, आणि चोरून शिकार करणाऱ्याला तेच हवं असतं. त्यावर नेम धरायची दुर्बीण त्याने हौसेने निवडली; बाणाच्या टोकापाशी मात्र अडला.

मी म्हटलं, "पात्याचं घे. जनावर लवकर तरी मरीन."

"पातं मोडते. साधं टोक परत काढता येते."

शुक्रवारी संध्याकाळी त्याने एका हरिणीला बाण मारला. ती पोटात बाण घेऊन तुरीत शिरली. सकाळी सापडली तेव्हा जिवंत होती, डोळ्यावर मुंग्या चढल्या होत्या. मी कुऱ्हाड पुढे केली. त्याने माझा हात झटकला.

"आज शनवार आहे. मारुतीच्या वारी आपल्यात जीव घेत नाहीत, तुले मालूम नाही काय?"

मग त्याने तिच्या पोटावर पाय दिला, बाण उपसला आणि गवताला पुसला. टोक शाबूत होतं. वाटेत मारुतीला तेल घालायला तो थांबला. तुरीतलं तिचं ओरडणं देवळापर्यंत येत होतं.