गोरखचिंचेपर्यंत, चेंबर गार्डशिवाय

तुकोगंजमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नाही. बाबांचा डावा डोळा गेलेलाच होता, आता उजवाही फार तर वर्षभर साथ देईल म्हणाले. गाडीत बसल्यावर बाबा सीटबेल्टचं बक्कल चाचपत राहिले आणि मग म्हणाले, "सुहास, मला एकदा माझी पहिली पोस्टिंग पाहायची आहे. ती इमली."

इमली म्हणजे गोरखचिंच. बाविसाव्या वर्षी बाबा मांडूच्या पलीकडे, डोंगरातल्या एका शाळेवर मास्तर होते. खोली एक आणि वर्ग पाच, म्हणून ते त्या झाडाखाली शिकवायचे. गावाचं नाव इथे देत नाही, तिथे उगाच गर्दी नको. डांबरी रस्ता सोडल्यावर नऊ किलोमीटर कच्ची वाट आहे, एवढं समजून घ्या.

मी घाबरट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमची गाडी छोटी एसयूव्ही, दिसायला दणकट, पण पोटाखाली नुसतं प्लास्टिकचं झाकण. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, त्याला मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात. ते दगडावर फुटलं तर तेल वाहून जातं आणि इंजिन जाम होतं. हे एकदा वाचल्यापासून मला झोप नव्हती. जंगलात बंद पडलेली गाडी, फोनला रेंज नाही आणि एका डोळ्याचे बाबा, असं चित्र सारखं समोर यायचं.

म्हणून बडा गणपतीजवळच्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भिया, तीन एमएम की चद्दर का चेंबर गार्ड बना देता हूँ. पर एक बात के रिया हूँ, पत्थर पे टायर चढ़ाना. पत्थर को बीच में मत लेना." मी मान डोलावली आणि विसरून गेलो. प्लास्टिकचं झाकण काढून त्या जागी लोखंडी पत्र्याचा गार्ड साडेचार हजारात बसला. तुम्ही बसवणार असाल तर आपल्याच मॉडेलच्या मापाचा घ्या, तेल काढायला खाली भोक ठेवायला सांगा आणि बोल्टखाली रबरी चकत्या, म्हणजे बुश, मागून घ्या. माझ्या गार्डला बुश नव्हते, त्यामुळे पत्रा खडखड वाजायचा.

मला तो आवाज सहन होईना. प्रत्येक खडखडीला वाटायचं, आता निखळून पडणार. मग निघायच्या आदल्या दिवशी मी पार्किंगमध्ये आडवा झालो आणि जुन्या बारदानाचे दोन तुकडे गार्ड आणि इंजिनाच्या मधल्या फटीत ठासून भरले. आवाज बंद झाला. ही हुशारी मी कुणालाच सांगितली नाही.

सकाळी सहाला निघालो. आमच्या घरी गाडी माझी बायको वैशाली चालवते आणि मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबतो. बेटम्याला पोहे-जलेबी झाली. धारपर्यंतचा रस्ता लोण्यासारखा आहे, पुढे मांडूपर्यंतही काही तक्रार नाही. मांडूत दाल-पानिये खाल्ले. पानिये म्हणजे पानांमध्ये दाबून गोवऱ्यांवर भाजलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या. तिघांचे चारशे रुपये झाले. पाण्याच्या बाटल्या इथेच भरून घ्या, पुढे काही मिळत नाही.

मग डांबर संपलं. पहिले चार किलोमीटर गार्डने खरोखरच इमान राखलं. दोनदा खालून ठण्ण आवाज आला, दोनदा मी नसलेला ब्रेक दाबला, आणि दोन्ही वेळा गाडी पुढे गेली. नंतर चढ लागला. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, मध्ये जेमतेम एक गाडी मावेल एवढी वाट. वैशाली पहिल्या गिअरमध्ये चढवत होती. बाबा मागून मध्येच म्हणाले, "पोतं जळून राहिलंय कुठेतरी."

"शेतात कुणी काही जाळत असेल, बाबा," वैशाली म्हणाली.

पण मला कळलं होतं. सायलेन्सरचा तापलेला पाईप त्या फटीला लागूनच जातो. आणि तेवढ्यात बॉनेटच्या कडेने धूर आला.

"गाडी बंद कर! उतर!" मी ओरडलो. बेल्ट लवकर सुटेना. कसाबसा उतरलो आणि बाबांचं दार उघडलं. घाईत डावीकडचं उघडलं. बाबांनी पाय बाहेर टाकला आणि तो जमिनीच्या अगदी कडेला पडला. पुढे काही नव्हतं. त्यांना ते दिसत नव्हतं, डावा डोळा तो. मी त्यांना छातीशी धरून आत ढकललं आणि दुसऱ्या बाजूने वैशालीने ओढून घेतलं. तो एक पाय मला अजून दिसतो.

वैशालीने बॉनेट उघडून सगळ्या बाटल्या त्या फटीत ओतल्या, मी ओंजळीने माती फेकली. धूर कमी झाला आणि थांबला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस मीच माझ्या हातांनी ठासून भरला होता.

"बारदान मी ठेवलं होतं," मी सांगून टाकलं.

वैशालीने हातातली रिकामी बाटली खाली ठेवली. "आवाजासाठी?"

"हौ."

"अरे यार, सुहास," एवढंच ती म्हणाली.

पत्रा गार व्हायला पाऊण तास लागला. चाकांमागे दगड लावून मी खाली सरकलो. चढावर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही. चार बोल्ट निघाले, गार्ड आला, काळं पडलेलं बारदान आलं. आतलं सगळं शाबूत होतं. पण दगड लागून वाकलेला पत्रा परत बसेना.

एवढ्यात वरून एक मोटरसायकलवाला आला. आमची अवस्था पाहून म्हणाला, "इमली? दो किलोमीटर होगी. पत्थर घणा है. धीरे-धीरे निकालजो." आणि निघून गेला.

मला परत फिरायचं होतं. खालचं प्लास्टिक आधीच काढलेलं, वर पत्राही गेला, चेंबर उघडा. बाबा लगेच म्हणाले, "ठीक आहे, परत चला. झालं तेवढं पुष्कळ झालं." हे ते इतक्या पटकन म्हणाले की मला लाज वाटली. पुढच्या वर्षी त्यांना आणून उपयोग काय होता?

मी गाडीत बसलोच नाही. गाडीपुढे उलटा चालू लागलो, वाकून एकेक दगड बघत. वेल्डिंगवाल्याचं बोलणं आत्ता आठवलं. मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेतला की तो चेंबरखाली येतो. चाक त्याच्यावर चढवलं की गाडीचं पोट वर उचललं जातं. "डावीकडे घे. अजून. बस. चढव आता. हळू." दोन किलोमीटरला सव्वा तास लागला. माझा शर्ट भिजला होता आणि भीती तसूभर कमी झाली नव्हती, पण चेंबरला एकही दगड लागला नाही.

झाड होतं. बाबा सांगायचे तेवढंच जाड, पानं गळलेलं. शाळेची खोली आता दुसरीकडे गेली आहे. बाबांनी खोडावर दोन्ही हात ठेवले आणि उजवा डोळा सालीच्या अगदी जवळ नेला. कितीतरी वेळ पाहत होते. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "मला भीती वाटते रे, सुहास. एकदम अंधार होईल तेव्हाची."

बाबांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. "मलाही वाटते, बाबा," एवढंच म्हणालो.

येताना पुन्हा ते दोन किलोमीटर मी पायीच उतरलो. मांडूला चहा प्यायलो तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

या गोष्टीला आठ महिने झाले. वेल्डिंगवाल्याने गार्ड ठोकून सरळ केला आणि रबरी बुश टाकून परत बसवला. बारदान बघून तो इतका हसला की त्याला पाना खाली ठेवावा लागला. तुम्ही जाणार असाल तर जा, पण पत्र्याच्या आत कापड, वाळकी पानं, गवत काही राहू देऊ नका आणि खाली उतरून चालायची लाज बाळगू नका.

बाबांना आता फक्त उजेड कळतो. सकाळी त्यांना खोलीतून बाल्कनीपर्यंत यायचं असतं. मी त्यांच्यापुढे उलटा चालतो, स्टूल आणि चपला बाजूला सारत. "डावीकडे घ्या, बाबा. अजून. बस. उंबरा आला, पाय वर."

उंबऱ्यापाशी ते रोज थांबतात आणि रोज तेच विचारतात.

"पुढे आहेस ना?"

"आहे."

मग ते पाय उचलतात.