जिभेखालची गोळी

माझ्या नवऱ्याची जीभ रोज सकाळी एक परकी बाई बघायची आणि इकडे माझा जळफळाट व्हायचा.

नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या सिस्टर त्या. कंबरदुखीसाठी सुरू झालेल्या कॅप्सूल यांना सुटेनात. दुकान, झोप, बोलणं, सगळं त्यांच्यापायी गेलं. मग डॉक्टरांनी ही गोळी दिली. ती जिभेखाली धरायची, विरघळेपर्यंत गिळायची नाही, बोलायचं नाही. गिळली की वाया, आणि पुन्हा कॅप्सूल सोडतानाचा तोच घाम, तीच तडफड. सिस्टर समोर बसायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "जीभ वर करा." हे लगेच आ करायचे. माझं एक वाक्य कधी पुरतं ऐकलं नव्हतं या माणसानं!

घरी आले की, "सिस्टर म्हणाल्या, पाणी जास्त पीत जा." मी इतकी वर्षं तेच सांगत होते, तेव्हा कान कुठे गेले होते? एकदा मी ठेवणीतली साडी नेसून केंद्रात गेले. बाईनं साडीकडे पाहिलंसुद्धा नाही. वर माझ्याशी गोडच बोलली, त्याचा जास्त राग आला.

यांची तब्येत सावरल्यावर गोळ्या घरी न्यायला मिळू लागल्या. सिस्टरनी पाकीट माझ्या हातात दिलं. "आता तुम्ही बघायचं." मला जिंकल्यासारखं झालं. पण घरी हे गोळी ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले. दाखवा म्हटलं, तर मान फिरवली. नंतर म्हणाले, "सिस्टरपुढं लाज वाटत न्हाई. तुझ्यापुढं वाटते."

त्या दिवशी भांडी मी जरा जोरातच आदळली. गोळी खरंच विरघळते की थुंकतात, मला कळायला मार्ग नव्हता. पुन्हा कॅप्सूल सुरू झाल्या तर, या भीतीनं जीव टांगणीला लागलेला.

अशाच एका सकाळी सासूबाई माहूरहून थेट आमच्याकडे आल्या, रेणुकामातेचा तांबूल घेऊन. देवीचा हा कुटलेला विडा समोर आला की आमच्या घरात कुणी नाही म्हणत नाही. यांनी नुकतीच गोळी ठेवलेली. सासूबाईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी चिमूटभर तांबूल लेकाच्या ओठांपाशी नेला.

"आ कर रं बाळा."

यांनी ओठ घट्ट मिटले.

"देवीचा हाय, अन् न्हाई म्हणून राहिला का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या केविलवाण्या नजरेनं यांनी माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं.

"आत्याबाई, आधी मला," म्हणत मी सासूबाईंचा हात धरला आणि तांबूल सरळ माझ्या तोंडात घेतला.

"लई घाई गं तुला!" उरलेला तांबूल माझ्या हातावर ठेवून त्या फणकाऱ्यानं पाय धुवायला गेल्या.

हे जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळानं उठून जवळ आले. मी काही म्हणायच्या आत आ केला आणि जीभ वर केली. खाली काही नव्हतं. तांबूल हातात तसाच धरून मी बघत राहिले, सिस्टरपेक्षा जास्त वेळ.